झोपेत श्वास अडकतो? सरकारी रुग्णालयातली तपासणी, सीपॅपची मंजुरी आणि यंत्राचा वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोरणे तर घराघरात असते. दवाखान्यात कधी जायचे?

नुसता आवाज हे कारण पुरेसे नाही. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, काही सेकंद शांतता आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा घोरणे सुरू, असे घरच्यांनी पाहिले असेल तर जायलाच हवे. सात-आठ तास झोपूनही सकाळी डोके जड असणे, दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागणे, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे, दोन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणे, ही स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचीच सोबतची लक्षणे. त्यावर रात्री लावायचे यंत्र म्हणजे सीपॅप, मास्कमधून दाबाने हवा देणारे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, मागची जागा मिटते, छाती-पोट हलत राहतात पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरला की मेंदू दचकून जागा होतो. हे रात्रभर चालते आणि माणसाला सकाळी त्यातले काही आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्याची साक्ष इथे फार मोलाची. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांच्या ओपीडीत तोंडी वर्णनापेक्षा तो जास्त काम करतो.

केस पेपर कोणत्या विभागाचा काढायचा?

श्वसनरोगाचा. सरकारी रुग्णालयांत पाटीवर बहुधा ‘क्षय व उरोरोग विभाग’ असे लिहिलेले असते. ते वाचून ‘हे टीबीचे आहे, आपले नाही’ म्हणून पुष्कळ लोक मागे फिरतात. फिरू नका, तोच विभाग. नाक सतत चोंदलेले असेल, टॉन्सिल मोठ्या असतील, तर कान-नाक-घसा विभागातही दाखवावे लागेल. पण सुरुवात छातीच्या डॉक्टरांकडून केली तर फेऱ्या वाचतात.

यासाठीची तपासणी म्हणजे स्लीप स्टडी, झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजण्याची. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होत नाही. तिथून किंवा ग्रामीण रुग्णालयातून शिफारस चिठ्ठी घ्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात जा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि एम्स, गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ, ही त्यातली मोठी नावे. प्रवासाला निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: स्लीप स्टडीचे यंत्र सध्या चालू आहे का, आणि नोंदणी कोणत्या वारी होते. यंत्र दुरुस्तीला गेले असेल तर गावाहून केलेली फेरी वाया जाते.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालये आणि महापालिका रुग्णालये यांचे शुल्क वेगळे ठरते. ते खासगीच्या मानाने फारच कमी असते, पण शून्य असेलच असे नाही.

डॉक्टर पहिल्या भेटीत काय विचारतात?

दोन छोट्या प्रश्नावल्या. एकीत आठ प्रश्न असतात: घोरणे, दिवसा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिला आहे का, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणे. तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर धोका मध्यम, पाच किंवा जास्त आले तर जास्त. दुसरी झोपाळूपणाची, एपवर्थ नावाची, २४ गुणांची. १० च्या वर गुण म्हणजे दिवसाची झोप नेहमीपेक्षा जास्त. इथे लाजेखातर गुण कमी सांगू नका. यंत्राच्या मंजुरीच्या कागदात हेच आकडे पुढे जातात.

मानेचा घेर घरूनच शिंप्याच्या टेपने मोजून न्या. उंची, वजन आणि चालू गोळ्यांची यादीही द्या. झोपेच्या गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात, म्हणून तीही माहिती लपवू नका.

स्लीप स्टडी म्हणजे नेमके काय? रात्री दाखल व्हावे लागते का?

दोन प्रकार प्रामुख्याने वापरले जातात. पहिला पूर्ण तपासणीचा, लेव्हल १. यात रुग्णालयात एक रात्र झोपावे लागते. डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर, छातीवर आणि पायांवर तारा चिकटवतात, नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. दुसरा लेव्हल ३, घरी नेऊन करण्याचा. त्यात मेंदूच्या तारा नसतात. हवेचा प्रवाह, छातीची हालचाल, ऑक्सिजन आणि नाडी एवढेच मोजतात.

घरची तपासणी सोपी असली तरी तिची एक मेख आहे. यंत्राला तुम्ही झोपलात की जागे आहात हे कळत नाही, म्हणून ते श्वास अडकण्याची संख्या झोपेच्या नव्हे, नोंदीच्या एकूण तासांनी भागते. रात्री दोन तास तळमळत जागे राहिलात तर आकडा खोटा कमी येतो. लक्षणे ठळक असूनही घरचा अहवाल ‘नॉर्मल’ आला तर तिथे थांबू नका, रुग्णालयातली तपासणी मागा. ज्यांना हृदय कमकुवत असण्याचा, दम्याखेरीज फुप्फुसाच्या जुन्या आजाराचा किंवा स्नायूंचा त्रास आहे, त्यांची तपासणी सुरुवातीपासून रुग्णालयातच व्हायला हवी.

तपासणीच्या दिवशी डोक्याला तेल लावू नका; तारांची पेस्ट धरत नाही. नखांना नेलपॉलिश नको, बोटावर गडद मेंदी नसेल तर उत्तम, कारण ऑक्सिजनचा चिमटा उजेडावर चालतो. दुपारी झोपू नका, जेवणानंतरचा चहा टाळा. रोजच्या गोळ्या घ्या. स्वतःची उशी नेली तर झोप लवकर लागते. घरी तपासणी असेल तर नाकातली नळी कानामागून घेऊन गालावर कागदी चिकटपट्टीने पक्की करा. नोंद वाया जाते ती बहुतेक वेळा मध्यरात्री निसटलेली नळी किंवा गळून पडलेला चिमटा यांमुळेच.

अहवालात ‘एएचआय’ दिला आहे. तो किती म्हणजे जास्त?

तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा बराच कमी पडला, त्याची ही संख्या. धरायला तो थांबा किमान १० सेकंदांचा लागतो. मोठ्या माणसांत ५ च्या खाली सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. पण एकटा एएचआय पाहू नका. ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला, ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला, हेही पाहा. दोन रुग्णांचा एएचआय ३५ असेल आणि एकाचा ऑक्सिजन ८८ पर्यंत, दुसऱ्याचा ६२ पर्यंत उतरत असेल, तर दुसऱ्याचे प्रकरण तातडीचे आहे आणि तसे अर्जात लिहून घ्यायला हवे.

सरकारकडून यंत्र फुकट मिळते का?

याचे खरे उत्तर तुमच्या खिशातल्या कार्डावर अवलंबून आहे. निदान जवळपास कोणालाही सरकारी रुग्णालयात स्वस्तात मिळू शकते. यंत्र घरी नेण्याचा खर्च मात्र मुख्यतः नोकरीशी जोडलेल्या योजनांत बसतो: केंद्र सरकारची सीजीएचएस, कामगार विमा म्हणजे ईएसआयसी, माजी सैनिकांची ईसीएचएस, रेल्वेची आरोग्य सेवा. शेतकरी, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाई यांच्यासाठी अशी सरळ वाट नाही. हा अन्याय आहे, कारण आजार पगाराची पावती पाहून होत नाही. तरीही काही मार्ग आहेत, ते पुढे दिले आहेत.

सीजीएचएस कार्ड आहे. क्रम कसा?

आधी मंजुरी, मग खरेदी. हा क्रम उलटला की भांडण सुरू होते. वेलनेस सेंटरच्या, म्हणजे सीजीएचएस दवाखान्याच्या, डॉक्टरांकडून तज्ज्ञाकडे शिफारस घ्या. तपासणीआधीच विचारून घ्या की मंजुरीसाठी लेव्हल १ चा अहवाल लागेल की लेव्हल ३ चा चालेल. नंतर समजले तर रात्र आणि पैसे दोन्ही पुन्हा जातात. अहवाल आल्यावर तज्ज्ञांकडून यंत्राची लेखी शिफारस घ्या. पेन्शनरांचा अर्ज वेलनेस सेंटरमार्फत अतिरिक्त संचालकांच्या कार्यालयात जातो, सेवेत असलेल्यांना परवानगी आपल्या खात्याकडून घ्यावी लागते. सोबत कार्डाची प्रत, अहवाल, शिफारस, विक्रेत्याचे कोटेशन आणि असे यंत्र यापूर्वी घेतलेले नाही याचे हमीपत्र.

प्रत्येक यंत्राला परताव्याची कमाल मर्यादा ठरलेली असते, वरचे पैसे तुमचे. ताजी मर्यादा सेंटरमधून लेखी घ्या आणि मगच कोटेशन मागवा. विक्रेत्याला मर्यादा आधीच सांगितली तर कोटेशन बरोबर त्याच आकड्यावर येऊन बसते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा.

शिफारस पत्रात काय काय असावे?

‘सीपॅप द्यावे’ एवढ्या एका ओळीवर अर्ज परत येतो. साधारण असा मजकूर हवा: ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, तीव्र, एएचआय ४२, किमान ऑक्सिजन ७१ टक्के. ऑटो सीपॅप, दाब ६ ते १४ सेंटिमीटर पाणी, ह्युमिडिफायरसह, मध्यम आकाराचा नाकाचा मास्क. रोज रात्री, आयुष्यभर.’ आकडे अर्थात तुमच्या अहवालातले. ऑटो म्हणजे दिलेल्या मर्यादेत दाब आपोआप बदलणारे, ह्युमिडिफायर म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. कंपनीचे नाव लिहू नये. एकाच कंपनीची शिफारस दिसली की फाइल चौकशीला थांबते. मास्क, नळी आणि ह्युमिडिफायर पत्रात वेगळे लिहून घ्या. नाहीतर यंत्र मंजूर होते आणि मास्कचे पैसे खिशातून जातात.

अर्ज किंवा बिल नामंजूर झाले. का झाले असेल?

कारणे तीच ती असतात. बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची. कार्डावर ‘रामचंद्र’ आणि अहवालावर ‘आर. बी.’. बिलावर यंत्राचा सिरियल नंबर किंवा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक नाही. अहवालावर सही आहे पण नोंदणी क्रमांक नाही. दाब ठरवण्याच्या रात्रीचा, म्हणजे टायट्रेशनचा, अहवाल जोडलेला नाही. नामंजुरी तोंडी ऐकून परत येऊ नका. कारण लेखी मागा, तेवढाच कागद दुरुस्त करा आणि पुन्हा आवक क्रमांक घेऊन द्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोचप्रत घरी असलीच पाहिजे.

ईएसआयसी, ईसीएचएस आणि रेल्वे यांची पद्धत वेगळी आहे का?

तत्त्व तेच, दारे वेगळी. ईएसआयसी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना लागू आहे, दिव्यांग कामगारांना २५,००० पर्यंत. वाट दवाखान्यातून ईएसआय रुग्णालयात जाते: मुंबईत अंधेरी, कांदिवली, मुलुंड, पुण्यात बिबवेवाडी, नागपुरात सोमवारीपेठ. तिथे तपासणीची सोय नसेल तर करार असलेल्या रुग्णालयात पाठवतात आणि यंत्राची मागणी वैद्यकीय अधीक्षकांमार्फत होते. हप्ता वेळेवर भरलेला आहे का, हे जाण्याआधी विमा क्रमांकावर तपासा. मालकाने हप्ता थकवला असेल तर खिडकीवरच अडते.

ईसीएचएसमध्ये पॉलिक्लिनिकच्या शिफारशीशिवाय काहीच हलत नाही. रेल्वेवाल्यांनी उमीद कार्डासह, म्हणजे रेल्वेच्या वैद्यकीय ओळखपत्रासह, रेल्वे रुग्णालयात जावे. मुंबईत ती भायखळ्याला आणि मुंबई सेंट्रलला आहेत. लोको पायलट असाल तर हे काम पुढे ढकलूच नका.

फक्त रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजनेत यंत्र बसते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ती दाखल रुग्णांच्या ठरलेल्या उपचारांची योजना आहे. श्वास फारच कोंडून रुग्ण दाखल झाला तर रुग्णालयातला उपचार त्यात बसू शकतो. घरी न्यायचे यंत्र त्यात धरून बसू नका. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही दाखल उपचारांचीच. दोन्हींबाबत खात्री रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे किंवा योजनेच्या खिडकीवर करा. फुले योजनेचा फोन १५५३८८.

दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत निर्धन, ३,६०,००० पर्यंत दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. रात्रभर दाखल राहून होणारी स्लीप स्टडी यातून होऊ शकते. यंत्रासाठी त्याच समाजसेवकांकडे देणगीदार न्यासांच्या नावांची यादी मागा. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही असे समाजसेवा अधीक्षक असतात. रुग्णाला त्यांची खोली माहीत नसते एवढेच.

तेही जमले नाही तर विक्रेत्याकडून महिन्याच्या भाड्याने यंत्र घ्या आणि विकत घेतल्यास भाडे किमतीतून वजा होईल असे लिहून घ्या.

सीपॅप, बायपॅप आणि ऑक्सिजनचे यंत्र यांत काय फरक? कोणी म्हणाले ऑक्सिजन लावा.

हा गोंधळ धोक्याचा आहे. सीपॅप एकाच दाबाने हवा आत ठेवते, त्या दाबाने घसा मिटत नाही. दाब ४ ते २० सेंटिमीटर पाणी इतका असतो. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते. वजन खूप असून रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो त्यांना, किंवा ज्यांचे स्नायूच कमकुवत आहेत त्यांना ती लागू शकते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवेत ऑक्सिजन वाढवतो, पण मिटलेला घसा उघडत नाही. ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच जास्त आहे त्याला नुसता ऑक्सिजन लावला तर तो आणखी साचून गुंगी येऊ शकते. म्हणून बीएमआय ३० च्या वर असेल, दिवसाही ऑक्सिजन कमी असेल, पायांना सूज असेल, तर यंत्र ठरण्याआधी धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी करून घ्या. कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असताना साधे सीपॅप मंजूर करून घेतले, तर यंत्र बदलण्यासाठी सगळी फाइल पुन्हा फिरवावी लागू शकते.

मास्क कोणता घ्यावा? यंत्र आले, पण लावले की गुदमरते.

यंत्र कपाटात जाते ते बहुतेक मास्कमुळे. नाकाचा मास्क बहुतेकांना पुरतो. तोंड उघडे टाकून झोपण्याची सवय असेल किंवा नाक कायम बंद असेल तर नाक-तोंड झाकणारा. दाढी असेल तर कडा नीट बसत नाहीत, हवा गळते. नाकपुडीत बसणारा छोटा प्रकार पाहा. मास्क आडवे पडून आणि यंत्र चालू असतानाच मापून घ्या, बसून नाही, कारण आडवे झाल्यावर गाल सैल पडतात. पट्टे घट्ट आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत इतकेच आवळा. मास्कवर बारीक छिद्रांतून हवा बाहेर पडताना जाणवेल. ती सोडलेला श्वास निघून जाण्याची वाट आहे. तिला चिकटपट्टी लावू नका.

काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतो. पेसमेकर किंवा तशी कोणतीही वस्तू शरीरात असेल तर तो किमान १५ सेंटिमीटर दूर हवा. चुंबक नसलेला मास्कच मागा.

पहिले चार-पाच दिवस मास्क लावून संध्याकाळी अर्धा तास बसा, टीव्ही पाहा, मग रात्री लावा. ‘रॅम्प’ चालू ठेवले तर दाब हळूहळू चढतो. नाक कोरडे पडले तर ह्युमिडिफायर वाढवा. नळीत पाणी गुरगुरत असेल तर उलट करा, किंवा नळी पांघरुणाखालून घ्या आणि यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवा. पोट फुगत असेल तर हवा गिळली जात आहे, दाब डॉक्टरांकडून तपासा. स्वतः बदलू नका.

वापर पुरेसा होतो आहे हे कसे कळते?

यंत्राच्या पडद्यावर तास, उरलेला एएचआय आणि गळती दिसते. रुढ माप असे की १० पैकी किमान ७ रात्री ४ तास किंवा जास्त वापर हवा. पण ४ तास ही किमान मर्यादा आहे. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत श्वास जास्त अडकतो आणि नेमका तेव्हाच मास्क काढलेला असतो. उरलेला एएचआय ५ च्या खाली यावा. महिन्याभराने ओपीडीत जाताना यंत्रातले मेमरी कार्ड किंवा पडद्याचे फोटो न्या.

गावात लाइट जाते. इन्व्हर्टरवर चालेल का?

चालेल. ह्युमिडिफायर बंद ठेवून बहुतेक यंत्रांना ३० वॅटच्या आतच वीज लागते. तापवणे चालू असेल तर बरीच जास्त. ३० वॅट धरले तरी ८ तासांना २४० वॅट-तास होतात. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात, म्हणून निम्मीच वापरात आली तरी रात्र निघते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. वीज गेली आणि यंत्र बंद पडले तर मास्क काढून टाका. छिद्रांतून होणारी हवेची ये-जा यंत्राच्या दाबाशिवाय अपुरी पडते.

पाणी कोणते आणि स्वच्छता कशी?

डिस्टिल्ड वॉटर, रोज ताजे. बोअरच्या पाण्याने टाकीला पांढरा थर धरतो, विदर्भ-मराठवाड्यात तर आठवड्यातच. मास्कची कड रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा, नळी आणि टाकी आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन सावलीत टांगा. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच नको. कोकणात पावसाळ्यात नळी आतून नीट वाळत नाही आणि बुरशी धरते; धुतल्यावर ती यंत्राला जोडून, टाकी काढून, दहा मिनिटे नुसती हवा सोडा. फिल्टर करडा दिसला की बदला, रस्त्याकडेच्या घरात पंधरा दिवसांत बदलावा लागतो.

जुने यंत्र कोणी देत आहे. घ्यावे का?

सिरियल नंबर आधी तपासा. फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने जून २०२१ मध्ये आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप यंत्रे परत मागवली होती, कारण आतला आवाज रोखणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकत होते. ओझोनने साफ करण्याची उपकरणे वापरली असतील तर ती झीज वाढते. यादीतले यंत्र फुकटही नको. बाकी यंत्र ठीक असेल तर मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्या आणि दाब तुमच्या अहवालाप्रमाणे डॉक्टरांकडून बसवून घ्या. आधीच्या माणसाचा दाब तुमच्या कामाचा नाही.

लहान मूल घोरते. त्यालाही यंत्र?

बहुतेकदा नाही. मुलांत कारण टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढण्याचे असते, आणि ती काढली की त्रास बहुधा जातो. कान-नाक-घसा विभागात न्या. मुलांत तासाला १ इतका एएचआयसुद्धा जास्त धरतात, त्यामुळे मोठ्यांच्या मापाने ‘सौम्य’ म्हणून सोडू नका. वर्गात लक्ष नसणे, अंथरूण ओले करणे, तोंड उघडे टाकून झोपणे, ही लक्षणे शिक्षकांनाही सांगा.

यंत्र मिळेपर्यंत काय करता येईल?

पाठीवर झोपू नका. बनियनला मागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवला तर कूस आपोआप बदलते. वजन १० टक्के घटले तर श्वास अडकणे साधारण पाव भागाने कमी होते. संध्याकाळनंतर दारू नको. सौम्य ते मध्यम त्रासात खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन उपयोगी पडते; मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत त्याची चौकशी करा, पण दात-हिरड्या मजबूत हव्यात.

आणि गाडी चालवत असाल, मग ती ट्रक असो, एसटी असो की दुचाकी, तर डुलक्या येतात तोवर रात्रीची फेरी घेऊ नका. डॉक्टरांना तसे सांगा आणि ‘व्यावसायिक चालक’ हे शिफारस पत्रात लिहून घ्या. स्लीप स्टडीच्या रांगेत तारीख लवकर मिळण्यासाठी हे कारण देता येते.